वर्षातून एक नाटक नको, आठवड्यातून एक तास हवा

शाळेत नाटक का असावं, असं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. मुलांचा आत्मविश्वास वाढतो, स्टेजची भीती जाते, व्यक्तिमत्त्व खुलतं. पालकसभेत हेच सांगतात आणि शाळेच्या माहितीपुस्तिकेतही हेच छापलेलं असतं. ते खोटं नाही. पण नाटकाच्या बाजूने मांडला जाणारा हा सगळ्यात लंगडा मुद्दा आहे आणि शाळेतल्या नाटकाचं त्याने नुकसानच जास्त केलं आहे. आत्मविश्वास वाढल्याचं दाखवायचं म्हटलं की मंच लागतो. मंचावर कार्यक्रम फसून चालत नाही. तो फसू नये म्हणून भूमिका त्यांनाच मिळतात, ज्यांचा आत्मविश्वास आधीपासूनच दांडगा असतो. खणखणीत आवाजाची, पाठांतर पक्कं असलेली तीच पाच-सहा मुलं दर वर्षी पुढे येतात. ज्या बुजऱ्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप आहे असं सांगितलं जातं, ती मागच्या रांगेत झाडाची फांदी धरून उभी असते आणि तिला एकही वाक्य नसतं.

नाटक हा भाषेचा आणि विचार करण्याचा विषय आहे. तो दर आठवड्याला, वर्गातल्या प्रत्येक मुलाला आणि बहुतेक वेळा प्रेक्षकांशिवाय शिकवायला हवा. एवढं मान्य केलं तरी शाळेतल्या नाटकाची सगळी मांडणी बदलते: जागा, वेळ, शिक्षकाचं काम, मूल्यमापन आणि वार्षिक कार्यक्रमसुद्धा.

आधी साधा हिशेब करू. 40 मुलांचा वर्ग आणि 20 मिनिटांचं नाटक घ्या. मंचावर एका वेळी एकच जण बोलतो, म्हणजे सगळ्यांचे संवाद मिळून फार तर 20 मिनिटं. त्यातली 15 मिनिटं सहा मुख्य भूमिकांची. उरलेली 5 मिनिटं दहा-बारा जणांत वाटली जातात आणि बाकीचे वीसेक जण गर्दी, सैनिक किंवा जंगल होतात. यासाठी महिनाभर रोज तास-दीड तास तालीम चालते. तिच्यातला मोठा वेळ वाट बघण्यात जातो. एक प्रवेश बसवला जात असताना बाकीची मुलं भिंतीला टेकून बसतात, मग कंटाळतात, मग दंगा करतात, मग ओरडा खातात.

आता त्याच वर्गाला 40 मिनिटांचा एक तास द्या आणि मुलांना जोड्यांत काम करू द्या. 20 जोड्या एकाच वेळी बोलतात. जोडीचं काम 10 मिनिटं चाललं तर प्रत्येक मूल साधारण 5 मिनिटं बोलतं आणि 5 मिनिटं ऐकतं, तेही पाठ केलेलं काही नाही, त्या क्षणी सुचलेलं. वर्षभरात असे 30 तास झाले तर प्रत्येकाचं बोलणं अडीच तास होतं. भाषेच्या नेहमीच्या तासाशी हे ताडून पाहा. तिथे 20 मिनिटं प्रश्नोत्तरं झाली तरी 40 जणांत प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं आणि प्रत्यक्षात हात वर करणारी सात-आठ मुलंच ते सगळं घेऊन जातात. ‘वेळ कुठे आहे?’ असं विचारणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून बघावं. बोलण्याचा सराव इतक्या थोड्या वेळात देणारी दुसरी पद्धत शाळेकडे नाही.

नुसतं बोलणं म्हणजे भाषा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर अभ्यासही झाला आहे. अ‍ॅन पोडलोझनी यांनी 2000 साली वर्गातल्या नाटकावरच्या 80 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. त्या अभ्यासांमध्ये एका गटाने गोष्ट नुसती वाचली होती आणि दुसऱ्या गटाने तीच गोष्ट वाचून प्रत्यक्ष वठवली होती. वठवणाऱ्या मुलांना गोष्ट अधिक समजली, अधिक लक्षात राहिली आणि त्यांचं बोलणं-लिहिणंही सुधारलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जे मजकूर मुलांनी वठवले नव्हते, ते नवे मजकूर समजून घेतानाही हा फायदा दिसला. शब्दसंग्रहावरचा परिणाम मात्र छोटा होता आणि तो सरसकट सगळीकडे लागू होईल असं म्हणता येण्याजोगा नव्हता. म्हणजे नाटक केलं की आपोआप जास्त शब्द येतात, असा दावा करू नये. आलेले शब्द कुठे, कुणाशी, कशासाठी वापरायचे हे मात्र नाटकाने येतं, असं म्हणायला आधार आहे.

दुसरा अभ्यास ग्लेन शेलेनबर्ग यांचा, 2004 सालचा. तो मुळात संगीताबद्दल होता. सहा वर्षांच्या 144 मुलांचे गट करून काहींना वर्षभर संगीताचे धडे दिले, काहींना नाटकाचे आणि काहींना कसलेच नाहीत. संगीत शिकलेल्यांचे बुद्ध्यांक इतरांपेक्षा थोडे अधिक वाढले आणि त्याचीच चर्चा जगभर झाली. पण त्याच निबंधात असंही नोंदवलेलं आहे की नाटक शिकलेल्या मुलांचं सामाजिक वागणं लक्षणीय सुधारलं आणि ती सुधारणा संगीताच्या गटांत नव्हती. हे धडे छोट्या गटांत झाले होते, हे मात्र विसरू नये. 40 जणांच्या वर्गात तोच परिणाम आपोआप मिळेल असं गृहीत धरता येत नाही, आणि म्हणूनच तास कसा घेतला जातो याला इतकं महत्त्व आहे.

नाटकाने गणिताचे किंवा प्रवेशपरीक्षेचे गुण वाढतात, असंही काही जण सांगतात. एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी 2000 साली कलाशिक्षणावरच्या अभ्यासांचा जो मोठा आढावा घेतला, त्यात कला शिकल्यामुळेच अभ्यासात एकूण गुण वाढतात असा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. नाटक आणि भाषा यांचा संबंध हा तिथे सापडलेल्या मोजक्या पक्क्या संबंधांपैकी एक होता. नाटकप्रेमींनी तेवढाच मुद्दा धरावा आणि ठामपणे धरावा. उसना दावा एकदा उघडा पडला की त्याच्यासोबत खराही बुडतो.

भाषेसाठी नाटक नेमकं काय करतं, हे एका वाक्यावर पाहता येईल. ‘दार बंद कर’ हे वाक्य फळ्यावर लिहा. मुलांना मोठ्याने वाचायला सांगा. सगळे एकाच सुरात वाचतील. मग तीन चिठ्ठ्या करा. पहिलीत लिहा: बाहेरच्या माणसाला आपलं बोलणं ऐकू जायला नको. दुसरीत: तू नुकताच माझ्याशी भांडून आत आला आहेस. तिसरीत: मला थंडी वाजते आहे, पण उठवत नाही आणि तुझ्याकडून काम करून घेताना मला संकोच वाटतो. शब्द तेच, पण पहिल्या चिठ्ठीला आवाज खाली येतो आणि ‘बंद’वर जोर पडतो, दुसरीला वाक्य तुटक होतं, तिसरीला ‘कर’च्या पुढे न बोललेलं ‘ना’ लोंबकळत राहतं. आता वर्गाने ओळखायचं की कुठली चिठ्ठी होती आणि कशावरून ओळखलं. हे ‘कशावरून’ विचारणं म्हणजेच वाचन शिकवणं. छापलेल्या शब्दांमागे बोलणाऱ्याला काहीतरी हवं असतं आणि ते शब्दांत सांगितलेलं नसतं, ही गोष्ट समजावून सांगायला भाषेच्या शिक्षकाला एरवी अख्खं सत्र लागतं. इथे ती दहा मिनिटांत मुलांच्या कानांना कळते. चिठ्ठ्या लिहिताना एक काळजी घ्यावी. ‘रागाने म्हण’, ‘दुःखाने म्हण’ असं लिहू नये. भावना सांगितली की मुलं भावनेची नक्कल करतात, भुवया चढवतात, गळा काढतात. परिस्थिती आणि गरज सांगितली की आवाज आपसूक बदलतो.

हीच खुबी अमेरिकेतल्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांच्या थिएटर गेम्सच्या, म्हणजे नाटक शिकवणाऱ्या खेळांच्या मुळाशी आहे. 1930 च्या दशकात शिकागोमध्ये स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी हे खेळ घडवले. मुलं वेगवेगळ्या भाषांची, त्यामुळे लांबलचक सूचनांचा उपयोग नव्हता. त्यांनी प्रत्येक खेळात एक नेमका प्रश्न ठेवला आणि सगळं लक्ष त्या प्रश्नाकडे वळवलं. लक्ष कामावर गेलं की आपण कसे दिसतोय याची चिंता सुटते. आरशाचा खेळ घ्या. दोघं समोरासमोर, एक हालचाल करतो, दुसरा आरसा होऊन तीच करतो. दोन मिनिटांनी अदलाबदल. दिसायला सोपा, पण बहुतेक वर्गांत तो पहिल्याच मिनिटाला बिघडतो, कारण पुढाकार घेणारा समोरच्याला चकवायला लागतो, हात झटकतो, उड्या मारतो. सूचना ‘समोरच्याची नक्कल कर’ एवढीच दिलेली असते, म्हणून असं होतं. त्याऐवजी पुढाकार घेणाऱ्याला सांगा, ‘असं हल की समोरचा एकदाही चुकणार नाही.’ हालचाल लगेच मंदावते, नजर नजरेला मिळते. जबाबदारी बदलली की खेळ बदलतो. शेवटी ‘आता कोणीच पुढाकार घेऊ नका’ असं सांगून पाहावं. चांगल्या जमलेल्या जोड्यांत कोण पुढे आणि कोण मागे हे बघणाऱ्याला सांगता येत नाही.

नुसते खेळ मात्र पुरेसे नाहीत. पुष्कळ शाळांत नाटकाचा तास म्हणजे खेळांची माळ असते. मुलं खूश, शिक्षक खूश, आणि वर्षाच्या शेवटी हाती काही नाही. खेळ हा सराव आहे, आशय नव्हे. आशय आणायचा तर मुलांसमोर खरा पेच ठेवावा लागतो. हे कसं करायचं ते इंग्लंडमधल्या डोरोथी हीथकोट (1926–2011) यांनी दाखवलं. चौदाव्या वर्षी कापडगिरणीत कामाला लागलेल्या या बाई पुढे जगभरच्या शिक्षकांच्या शिक्षक झाल्या. त्यांची मुख्य युक्ती अशी: शिक्षकाने बाजूला उभं राहून दिग्दर्शन करायचं नाही, स्वतः एखादी भूमिका घेऊन मुलांच्या नाटकात शिरायचं आणि तिथून नाटक पुढे ढकलायचं. शक्यतो भूमिका अशी, जिला मुलांची गरज आहे.

एक तास जवळून पाहू. मुलं अकरा-बारा वर्षांची, विषय धरणाखाली जाणारं गाव. बाकं भिंतीला लावायला 4 मिनिटं. मग जमिनीवर खडूने नदी आणि रस्ता काढायचा. प्रत्येक मूल आपलं घर कुठे आहे तिथे खूण करतं आणि एकच वाक्य सांगतं: घरात कोण आहे आणि कसल्या कामावर घर चालतं. याला 6 मिनिटं. पुढची 4 मिनिटं पाच-पाच जणांच्या गटांत एक स्थिर चित्र, म्हणजे न हलता, न बोलता उभं केलेलं दृश्य: गावातली एखादी साधी संध्याकाळ. मग शिक्षक सांगतात, ‘मी ही टोपी घातली की मी तुमचा शिक्षक नाही,’ आणि टोपी घालून कनिष्ठ कर्मचारी म्हणून आत येतात. हातात पत्र आहे: पुढच्या पावसाळ्याआधी गाव रिकामं करायचं. ‘निर्णय माझा नाही. मला तुमचं म्हणणं लिहून आणायला सांगितलंय. जरा हळू सांगा, सगळं लिहायचंय मला.’ हा प्रवेश 8 मिनिटांचा.

भूमिकेची निवड इथे कळीची आहे. शिक्षक मंत्री म्हणून आले तर मुलं एक तर घोषणा देतात किंवा मान खाली घालतात. हुद्द्याने लहान, अधिकार नसलेला, पण लिहून नेणारा माणूस समोर आला की मुलांना म्हणणं मांडावं लागतं. आणि तो ‘हळू सांगा’ म्हणतो तेव्हा बोलण्याची भाषाच बदलते. आरडाओरडा करून लिहून घेता येत नाही हे मुलांच्या ध्यानात येतं. कोणी तरी पुढे होऊन म्हणतं, ‘लिहा, आमच्या घराला चार पिढ्या झाल्या.’ निवेदन, अर्ज, तक्रार यांची भाषा पुस्तकात न बघता वर्गात जन्म घेते.

त्यानंतर 10 मिनिटं जोड्यांत: एकाच घरातले दोघं, एकाला भरपाई घेऊन निघायचं आहे, दुसऱ्याला नाही. पाच मिनिटांनी बाजू बदलायच्या. बाजू बदलणं टाळू नये. त्यातच या तासाचा कस आहे. शेवटची 5 मिनिटं टोपी काढून गोलात बसून बोलायचं आणि 3 मिनिटांत बाकं जागेवर. गोलातला प्रश्न ‘मजा आली का?’ असा नसावा. ‘स्वतःला न पटणारं कुठलं म्हणणं तुम्ही नीट मांडू शकलात?’ असा विचारावा. दुसऱ्या दिवशी भाषेच्या तासाला त्या कर्मचाऱ्याच्या नावे पत्र लिहायला द्यावं. एरवी चार ओळींवर अडणारी मुलं पान भरतात, कारण कुणाला लिहायचं आणि काय मागायचं हे त्यांना ठाऊक असतं.

असा तास फसतो, आणि फसण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे हसू. शिक्षक टोपी घालून आले की पहिलं मिनिटभर वर्ग हसतो. तो अवघडलेपणा असतो, टवाळी नव्हे. ओरडलं की शिक्षक परत शिक्षक होतो आणि सगळं मोडतं. भूमिकेत राहून, आवाज खाली आणून, हसणाऱ्यालाच कामाचा प्रश्न विचारावा: ‘तुमचं घर नदीपासून किती अंतरावर? मला नोंद करायची आहे.’ उत्तर द्यायला लागलं की हसू थांबतं. दुसरी जागा पुढारीपणाची. एक चुणचुणीत मुलगा स्वतःला गावचा प्रमुख घोषित करून सगळ्यांच्या वतीने बोलायला लागतो. त्याला गप्प बसवू नये, कामाला लावावं: ‘मग प्रत्येक घराचं म्हणणं तुम्ही मला गोळा करून द्या.’ आता त्याला ऐकावं लागतं. तिसरी म्हणजे मारामारी. मुलांना सुचणारा पहिला तोडगा बहुधा कर्मचाऱ्याला हाकलून देणं किंवा बांधून ठेवणं हाच असतो. ते होऊ द्यायला हरकत नाही, पण परिणाम दाखवायचे: भूमिका थांबवून विचारायचं, ‘तो परत गेला नाही. आता त्याच्या कार्यालयात काय चाललं असेल?’

सगळ्यात मोठी चूक मात्र शिक्षकाकडून होते. भूमिकेत असताना तो अचानक शिकवायला लागतो. ‘पण धरणाचे फायदेही असतात की नाही, मुलांनो?’ या एका वाक्याने कर्मचारी गायब होतो, वर्ग परत येतो आणि मुलं शिक्षकाला हवी असलेली उत्तरं शोधू लागतात. फायदे सांगायचेच असतील तर ते पत्रात लिहून आणावेत, खालच्या गावांना मिळणाऱ्या पाण्यासकट. आणि वेळ कमी पडला की शेवटची चर्चा कापली जाते, ही दुसरी मोठी चूक. वेळ कमी असेल तर जोडीचं काम 10 ऐवजी 6 मिनिटं करावं, चर्चेला हात लावू नये. जे केलं त्यावर बोलणं झालं नाही तर मुलांच्या लक्षात फक्त टोपी राहते.

गोंगाटाबद्दल दोन शब्द, कारण मुख्याध्यापकांचा पहिला आक्षेप तोच असतो. वीस जोड्या बोलत असताना टाळ्या वाजवून किंवा ओरडून कोणी थांबत नाही. शिक्षकाने हात वर करायचा, ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. पहिल्या दिवशी याचा तीनदा निव्वळ सराव घ्यावा. नंतर दहा सेकंदांत शांतता होते. शेजारच्या वर्गाला परीक्षा असेल त्या दिवशी स्थिर चित्रांवर काम करावं, ते कुजबुजत होतं.

नाटकाच्या तासाला मुलांच्या मनाची काळजी घ्यावी लागते, आणि याबाबतीत चांगल्या हेतूने जास्त घोळ होतात. ब्राझीलचे ऑगस्तो बोआल (1931–2009) यांनी 1970 च्या दशकात फोरम थिएटर ही पद्धत विकसित केली. तीन-चार मिनिटांचा प्रसंग करायचा, ज्यात एकावर अन्याय होतो आणि शेवट वाईट होतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा आणि बघणाऱ्यांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून, सोसणाऱ्या पात्राच्या जागी जाऊन वेगळं वागून बघायचं. शाळेतल्या दादागिरीवर बोलण्यासाठी ही पद्धत फार उपयोगी आहे. पण काही ठिकाणी वर्गात खरोखर घडलेला प्रसंगच घेतला जातो, ज्याच्यावर बेतली तो मुलगा आणि ज्याने केलं तो, दोघंही त्याच खोलीत असताना. याचा परिणाम तास संपल्यावर, मधल्या सुट्टीत दिसतो. प्रसंग नेहमी कल्पित घ्यावा. नाव, वय, जागा, सगळं बदललेलं. बदलायचं ते सोसणाऱ्याचं वागणं, त्रास देणाऱ्याचं नाही. तो एकदम शहाणा झाला असं दाखवलं की प्रश्नच पुसला जातो आणि बघणाऱ्यांना काही शोधावं लागत नाही. कुणालाही स्वतःच्या घरातला दुःखाचा प्रसंग वठवायला सांगू नये, तो त्याने आपणहून देऊ केला तरी. भूमिका नको असेल त्या मुलाला नोंदी ठेवण्याचं किंवा बघून सांगण्याचं काम द्यावं, आणि ते काम खरं असावं. स्पर्शाचा नियम पहिल्या दिवशी ठरवावा: विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही, ढकलण्याचा नुसता अभिनय, तोही नेहमी हातभर अंतरावरून.

याला वेगळा शिक्षक लागतो का? प्राथमिक वर्गांत लागत नाही, उलट वर्गशिक्षकच जास्त योग्य, कारण तो मुलांना ओळखतो. त्याला अभिनय यायची गरज नाही. आवाज न बदलता, मिशी न लावता, फक्त दृष्टिकोन बदलून बोलता आलं की झालं. उलट, ज्यांना उत्तम अभिनय येतो असे शिक्षक पुष्कळदा भूमिका इतकी रंगवतात की मुलं प्रेक्षक होऊन बसतात. शिक्षकांना प्रशिक्षण हवं ते प्रश्न विचारण्याचं आणि थांबण्याचं. भाषणं ऐकून ते येत नाही. इतर शिक्षकांबरोबर स्वतः मुलांच्या जागी बसून तास अनुभवावा लागतो, मग आपल्या वर्गावर करून सहकाऱ्याकडून तो बघून घ्यावा लागतो. माध्यमिकमध्ये मात्र नाटकाचा जाणकार असावा, कारण तिथे लेखन, नेपथ्य, प्रकाश, वेगवेगळ्या नाट्यशैली हे सगळं येतं आणि तो विषय म्हणून शिकवायचा असतो.

नाटक वेगळा विषय असावा की भाषेत मुरलेला, यावर देशोदेशी वेगवेगळे निर्णय झाले. इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाटकाला स्वतंत्र जागा मिळाली नाही, ते इंग्रजी विषयाचा भाग झालं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ते कलांच्या पाच विषयांपैकी एक आहे. दोन्हींत धोका आहे. भाषेच्या पोटात गेलं की ते नाटकाच्या पुस्तकातला उतारा वाचण्यापुरतं उरतं. कलांच्या यादीत गेलं की परीक्षा जवळ आल्यावर सगळ्यात आधी त्याच तासावर गदा येते. दहा-अकरा वर्षांपर्यंत भाषेच्या तासातच, पण वेळापत्रकात दिवस ठरवून, आणि त्यानंतर स्वतंत्र तास, अशी विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

मूल्यमापनाला नाटकवाले बिचकतात. कलेला गुण कसे द्यायचे, असं म्हणतात. गुण अभिनयाला देऊच नयेत. पाहायच्या गोष्टी चार: समोरच्याचं ऐकून त्याला धरून उत्तर देतो का, भूमिका सोडून बाहेर न पडता काही मिनिटं टिकतो का, प्रसंगाला वळण देणारी एखादी गोष्ट सुचवतो का, आणि नंतर केलेल्या कामाबद्दल नेमकं बोलतो-लिहितो का. प्रत्येकाला तीन पायऱ्या पुरतात. एका तासात 40 जणांना पाहता येत नाही. दर तासाला सहा मुलं ठरवून पाहावीत, म्हणजे सात आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो आणि वर्षात प्रत्येकाची चार वेळा नोंद होते. मुलांनी दर तासानंतर वहीत चार-पाच ओळी लिहाव्यात. वर्षाअखेरीला त्या वहीतली पहिली आणि शेवटची नोंद शेजारी ठेवली की पालकांना दाखवायला दुसरं काही लागत नाही.

आणि वार्षिक कार्यक्रम? तो बंद करावा असं माझं म्हणणं नाही. प्रेक्षकांसमोर उभं राहण्यातही शिकण्यासारखं खूप आहे: ठरलेली वेळ पाळणं, दुसऱ्याची चूक सांभाळून घेणं, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं. पण कार्यक्रम वर्षभराच्या कामातून यावा. विकतची संहिता आणून, मुलांच्या तोंडी न बसणारे संवाद घोकून घेण्यापेक्षा वर्गात रंगलेल्या दोन-तीन प्रसंगांची जुळणी करावी. धरणाच्या गावाचे असे 25 मिनिटांचे नाटक सहज होतं, त्यात गटागटाने सगळेच येतात आणि कुणाला झाड व्हावं लागत नाही. संवाद मुलांचेच असल्यामुळे एखादं वाक्य विसरलं तरी दुसरं सुचतं. विंगेतून ओरडणारा प्रॉम्प्टर लागत नाही. मोठं सभागृह टाळावं. गळ्यात माइक नसलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा आवाज साध्या खोलीत सात-आठ रांगांपर्यंत नीट जातो, त्यापुढे तो ओरडायला लागतो आणि वर्षभर कमावलेलं बोलणं हरवतं. मोकळ्या मैदानावर तर आवाज वाऱ्यावर जातो, म्हणून ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलवायची वेळ येते. तसं करण्यापेक्षा ते नाटक न केलेलं बरं. एकाच मोठ्या प्रयोगाऐवजी तीन छोटे प्रयोग करावेत, प्रेक्षकांना तीन बाजूंनी बसवून: एक शेजारच्या वर्गासाठी, दोन पालकांसाठी. त्यात भूमिका बदलून दिल्या तर एकच पात्र तीन मुलांना करायला मिळतं.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न, आणि खरी लढाई तिथेच आहे. नाटकाचा तास शनिवारी शेवटचा ठेवला तर तो निम्म्या वेळा होतच नाही. सुट्टी, सभा, लवकर सोडणं, सगळं त्याच्यावरच येतं. तो आठवड्याच्या मध्यावर, मधल्या सुट्टीला लागून ठेवावा, म्हणजे बाकं हलवण्याचे काही क्षण सुट्टीतून मिळतात. वेळापत्रकात त्याला ‘सहशालेय उपक्रम’ म्हणू नये, भाषेचा चौथा किंवा पाचवा तास म्हणून नोंदवावं आणि त्याच शिक्षकाच्या नावावर लावावं. परीक्षेच्या महिन्यात तो काढून घ्यायचा प्रस्ताव आलाच तर त्या तासाला पाठ्यपुस्तकातलाच धडा घ्यावा आणि ‘दार बंद कर’च्या पद्धतीने त्यातल्या संवादांमागच्या गरजा मुलांकडून शोधून घ्याव्यात, अभ्यासक्रम मागे पडतो ही तक्रार तिथल्या तिथे निकालात निघते.